अकरावा खांब

पाळण्याचं नाव वावटळ.
खरी वावटळ रोज दुपारी शेजारच्या पडीक रानातून उठते,
पाचट, कॅरीबॅगा घेऊन नाचते
अन् कुणाला न विचारता अंबड रस्ता ओलांडते.
आमची मात्र तीन वाजले की
चढावर थांबते.

नवीकोरी. पोलादावरचा रंगसुद्धा अजून चिकट.
चोवीस माणसं आभाळाकडं तोंड करून.
मी केबिनमध्ये. माझ्याकडं हिरवं बटण अन् माईक:
तांत्रिक कारणामुळे...
हे एवढ्यांदा बोलले
की घरी भाकर करपली तरी तोंडात तेच येतं.

मग एकशे बारा पायऱ्या.
हात इथं, पाय इथं, खाली बघू नका.
परतूरचे एक हेडमास्तर छत्री सोडायला तयार नव्हते.
एक नवं जोडपं, त्यातला नवरा रडला.
ती म्हणाली, मी पुढं होते, माझ्या मागं या.
अन् एक पोरगं विचारत होतं,
मावशी, उद्या बी थांबंल का?
वरून त्याला त्याच्या आजोळची
पाण्याची टाकी दिसली होती.

पुण्याहून इंजिनिअर आले. लॅपटॉप उघडला.
सेन्सरचं कार्ड बदला. बदललं. थांबली.
ऊन लागत असेल.
दस्तगीर फिटरनं तेलाचा डबा कापून
सेन्सरला टोपी घातली.
थांबली, फक्त पाऊण तास उशिरा.
मग ते म्हणाले, सॉफ्टवेअरची जरा समजूत घालू,
दोन-तीन मिलिमीटर चुकलं तरी
हो म्हणायला शिकवू तिला.

दस्तगीर तोवर चहाच पीत होता.
कप खाली ठेवून म्हणाला,
साहेब, ती थांबती म्हणून माणसं खाली येतात.
तिला खोटं बोलाया नका लावू.

दुसऱ्या दिवशी त्यानं घरून ओळंबा आणला,
बापाचा, पितळी, टोक झिजलेला.
सकाळी सहाला सोडला, दुपारी तीनला सोडला,
बिलाच्या पाठीवर आकडे लिहिले.
दहा खांब सरळ.
अकराव्यापाशी दोरा बाजूला उभा राहिला.

खाली भेग.
त्यानं हात घातला, कोपरापर्यंत गेला.
रात्री लोखंड आकसतं, झोक झाकून घेतं.
दुपारी पसरतं,
झोक उघडा पडतो.
नकाशा काढला तो देश आम्ही पाहिलेला नाही.
तिथली माती चैतात तडकत नसेल,
आखाडात फुगत नसेल.

झाडू मारणारी सोजराबाई भेगेत डोकावली.
तिचा नवरा विहिरी बांधायचा.
काळ्यावर संडास बी बांधू नाई म्हणायचा,
मुरूम लागस्तोवर खंदा.
हे ड्रॉइंगमध्ये कुठल्याच पानावर नव्हतं.
इंजिनिअरनं ते पेन्सिलनं लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून.

एकोणीस दिवस बंद. पगार अर्धा.
खांबाला धिरे दिले, बाजूनं खणलं,
सतरा फुटांवर पिवळा मुरूम लागला
तेव्हा सोजराबाईनं पेढे वाटले, स्वतःच्या पैशानं.
खांबाच्या बुडाशी पत्र्याच्या चकत्या सारल्या,
एक काढ, अर्धी घाल,
पितळ गप्प होईपर्यंत.

मग चाचणी.
चोवीस वाळूची पोती, पट्टे लावून बसवलेली,
मोंढ्यातली, कुणावर खत कंपनीचं नाव,
कुणावर साखर कारखान्याचं.
पहाटे, दुपारी, रात्री, फेऱ्यांवर फेऱ्या.
एकही पोतं ओरडलं नाही.
खरं सांगू, बिनओरड्याची गाडी
जास्त भीतीदायक वाटते.

दोनशे सत्तरावी फेरी. तीनला पाच कमी.
चढावर थांबली.
माझ्या पोटात गोळा. दस्तगीर जिना चढून गेला,
वरून हात हलवला, हातात एक गुलाबी कॅरीबॅग.
शेजारच्या रानातली,
सेन्सरला गुंडाळलेली.
तो एवढा हसला की त्याला कठडा धरावा लागला.

आता तिथं जाळी लावायची म्हणतात.
मापं घ्यायला तो वरच थांबला.
मी सवयीनं माईक ओढला,
तांत्रिक म्हणून गेले अन् जीभ चावली.
पोती आभाळाकडं बघत होती.
मग म्हटलं, बसा निवांत.
डाव्या हाताला एक टाकी दिसते का बघा.